हरकती व सूचना: सरकारी नियमाच्या मसुद्यावर आपलं म्हणणं कसं नोंदवायचं

पेपरच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या मध्ये, बारीक टायपात एक सूचना छापलेली असते. 'नियमांचा पुढील मसुदा याद्वारे प्रसिद्ध करण्यात येत आहे' अशी तिची सुरुवात, आणि शेवटी हरकती व सूचना कुठे, कोणत्या तारखेपर्यंत पाठवायच्या ते. आपण पान उलटतो. वर्षभराने सोसायटीत, आरटीओत नाहीतर वीजबिलावर काहीतरी नवीन लागू होतं, आणि आपण एकमेकांना विचारतो, 'हे कधी ठरलं?' ठरलं ते त्या पानावर.

संसदेत किंवा राज्याच्या विधिमंडळात मंजूर होतो तो अधिनियम. त्यात जागोजागी एक शब्द असतो: 'विहित'. विहित नमुन्यात अर्ज करावा, विहित शुल्क भरावं, विहित मुदतीत निर्णय द्यावा. नमुना कोणता, शुल्क किती, मुदत किती दिवसांची, हे अधिनियम सांगत नाही. ते संबंधित विभाग नियमांत लिहितो. म्हणजे आपल्या खिशाला आणि वेळेला भिडणारा भाग बहुतेक वेळा मंत्रालयातल्या एखाद्या कक्षात लिहिला जातो, आणि तो पक्का होण्याआधी काही दिवस आपल्यासाठी दार उघडं असतं. महाराष्ट्रात या दारातून आत कसं जायचं, ते पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी इथे सांगतो.

आधी कागद ओळखा

हातात आलेला प्रत्येक सरकारी कागद 'नियम' नसतो. शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, आणि परिपत्रक हे प्रशासनाचे आदेश. त्यांचा मसुदा आधी लोकांपुढे ठेवलाच पाहिजे असं बंधन सहसा नसतं. नियम सरकार करतं. विनियम एखादा आयोग किंवा मंडळ करतं. उपविधी महापालिका किंवा संस्था करते. या तिघांना मूळ अधिनियमातल्या एखाद्या कलमाचा आधार लागतो, म्हणून पहिलं काम हे की ते कलम काढून वाचायचं.

त्यात 'पूर्व प्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून' अशा अर्थाचे शब्द सापडले तर तुमची बाजू भक्कम आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १६५ मध्ये ही अट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २१२ मध्ये आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १८१ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाच्या विनियमांसाठीही आहे.

ही अट आली की मागोमाग सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट, म्हणजे सगळ्या कायद्यांना लागू होणाऱ्या सामायिक तरतुदींचा कायदा) येतो. केंद्राच्या कायद्याखालच्या नियमांना १८९७ च्या अधिनियमाचं कलम २३, आणि राज्याच्या कायद्याखालच्या नियमांना १९०४ च्या अधिनियमाचं कलम २४ लागू होतं. दोन्हींतला मजकूर जवळपास सारखाच आहे. ज्यांना झळ बसेल त्यांच्या माहितीसाठी मसुदा प्रसिद्ध करायचा, तो कधी विचारात घेणार ती तारीख सोबतच्या सूचनेत द्यायची, आणि त्या तारखेआधी आलेल्या हरकती व सूचनांचा विचार करायचा. 'विचार करायचा' एवढंच. मान्य करायच्या असं कुठेही नाही, आणि फेटाळल्या तर तुम्हाला कारण कळवा असंही नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं.

कलमात ती अट नसेल तर? मग हक्क म्हणून फारसं काही मागता येत नाही. नियम करणं हे कायदा करण्यासारखंच काम आहे, त्यात प्रत्येकाला ऐकून घ्यायचं बंधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने औषधांच्या किमतींच्या सायनामाइड प्रकरणात १९८७ मध्ये स्पष्ट केलं. पुढे २०१६ मध्ये कॉल ड्रॉपच्या खटल्यात याच न्यायालयाने दूरसंचार नियामकाचा विनियम रद्द केला. कॉल तुटला की ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा तो विनियम होता. निकाल देताना न्यायालयाने सुचवलं की अमेरिकेत १९४६ पासून आहे तसा, मसुदा दाखवून लोकांचं म्हणणं ऐकून घेण्याची पद्धत घालून देणारा कायदा आपल्या संसदेनेही करावा. तसा सर्वांना लागू होणारा कायदा झालेला नाही. म्हणून आपल्याकडे प्रत्येक वेळी मूळ कलम उघडून बघावं लागतं.

मसुदा सापडतो कुठे

महाराष्ट्र शासन राजपत्रात, म्हणजे गॅझेटात. राजपत्राचे भाग असतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ तिथेच होतो. ढोबळमानाने भाग चार-अ मध्ये केंद्राच्या कायद्यांखाली राज्य सरकारने केलेले नियम, चार-ब मध्ये राज्याच्या कायद्यांखालचे, आणि चार-क मध्ये सरकारव्यतिरिक्त इतर वैधानिक प्राधिकरणांचे. कामगार खात्याचे भाग एक-ल मध्ये. नगररचनेच्या सूचना भाग एकच्या विभागीय पुरवणीत सापडतात: कोकण, पुणे, नाशिक वगैरे. बरेचसे महत्त्वाचे मसुदे नेहमीच्या साप्ताहिक अंकात न येता 'असाधारण' अंकात येतात, त्यामुळे फक्त गुरुवारचा अंक चाळून भागत नाही.

राजपत्र आता ऑनलाइन मिळतं, पण शोधायला फारसं सोयीचं नाही. मी आठवड्यातून एकदा, रविवारी चहाबरोबर, ज्या दोन-तीन विभागांशी माझा संबंध येतो त्यांची संकेतस्थळं आणि राजपत्राचे ताजे असाधारण अंक बघतो. वीस मिनिटं पुरतात. सगळ्याच विभागांवर नजर ठेवायला गेलात तर महिन्याभरात कंटाळाल. सोसायटीचे सचिव असाल तर सहकार आणि नगरविकास, रिक्षा चालवत असाल तर परिवहन, शेतीपंप असेल तर वीज आयोग. एवढं बास.

तारीख

इथे सर्वांत जास्त लोक पडतात. मीही पडलो आहे. पहिल्यांदा हरकत लिहिली तेव्हा चार पानी पत्र, खाली साठ-पासष्ट सह्या, आणि शेवटच्या दिवशी दुपारी स्पीड पोस्ट. पत्र पोचलं तोवर तारीख उलटून गेली होती. कलमाचे शब्द आहेत, ठरलेल्या तारखेपूर्वी 'मिळालेल्या' हरकती. तुम्ही पत्र कधी टाकलंत याला किंमत नाही, आवक शिक्का कोणत्या तारखेचा आहे याला आहे.

किती दिवस मिळतात हे कायद्यागणिक बदलतं. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली विकास योजनेत फेरबदल असेल तर एक महिना. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या केंद्राच्या अधिसूचनांना साठ दिवस. वाक्खंड अधिनियमात दिवसांचा आकडाच नाही, त्यामुळे तिथे विभाग सूचनेत लिहील तीच तारीख. दिवस मोजायचे ते राजपत्राच्या तारखेपासून की पेपरातल्या सूचनेच्या, तेही सूचनेतच पाहा. दोन तारखा दिसल्या तर आधी संपणारी मुदत धरा.

मुदत फारच कमी वाटली तर पहिल्याच दिवशी वाढ मागणारं दोन ओळींचं वेगळं पत्र पाठवा. मराठी मसुदा नसेल तर तोही मागा. राज्याची राजभाषा १९६४ च्या अधिनियमाने मराठी आहे, तरी तांत्रिक मसुदे इंग्रजीत हातात पडतात. असं मागणं वाया जातंच असं नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या (प्रकल्पाने पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या) २०२० च्या मसुद्याच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतरं करायला सांगितली आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्ट २०२० पर्यंत गेली. ते भांडण सुरू झालं होतं ते याच दोन मागण्यांवरून: भाषा आणि मुदत. पण वाढ मिळेल या भरवशावर मूळ हरकत लांबवू नका.

मसुदा वाचताना

तीन कागद शेजारी ठेवा: मूळ अधिनियमातलं कलम, आत्ताचा नियम, आणि मसुदा. मसुदा एकटाच वाचला तर तो नेहमी बरा वाटतो. जुन्या नियमाशेजारी ठेवला की काय गायब झालं ते दिसतं.

पहिल्या वाचनात क्रियापदं बघा. 'देईल' आणि 'देऊ शकेल' यांत एका अख्ख्या हक्काचा फरक आहे. मग सैल शब्दांखाली रेघ मारा: वाजवी मुदतीत, आवश्यक वाटल्यास, पुरेशा कारणास्तव, सक्षम प्राधिकारी. हा सक्षम प्राधिकारी म्हणजे कोण, हे व्याख्यांत सांगितलं आहे का? त्याच्या निर्णयावर अपील आहे का? नियम लागू होण्याआधी केलेल्या अर्जांचं काय होणार? ही शेवटची तरतूद बऱ्याचदा राहूनच जाते, आणि भरडले जातात ते अर्ज करून बसलेले लोक.

शेवटी एक कठीण पण कामाचा प्रश्न: मूळ कलमाने जेवढा अधिकार दिला त्याच्या बाहेर हा नियम जातो आहे का? नियम अधिनियमापेक्षा मोठा होऊ शकत नाही. अधिनियमाने शुल्क घेण्याचा अधिकारच दिलेला नसेल तर नियमातलं शुल्क कितीही लहान असो, उभं राहत नाही. असा मुद्दा सापडला तर तो हरकतीत सर्वांत वर लिहा, कारण विधि व न्याय विभागात जो मसुदा तपासतो त्याला हाच मुद्दा सर्वांत आधी दिसतो.

उदाहरण घ्यायचं तर गृहनिर्माण संस्थांचं घेऊ. २०१९ मध्ये सहकार कायद्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आलं, आणि त्याखालच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी पुढे आला २०२५ मध्ये. त्यात थकीत देखभाल शुल्कावरच्या व्याजाची कमाल मर्यादा २१ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव होता. एकाच तरतुदीवर दोन प्रामाणिक हरकती येऊ शकतात. कार्यकारिणी म्हणेल, व्याज इतकं कमी झालं तर थकबाकीदार भरणारच नाही, लिफ्टचं बिल कोण भरणार? पेन्शनवर जगणारा सभासद म्हणेल, २१ टक्के म्हणजे सावकारी. दोघांनीही लिहायला हवं. नेहमी लिहिते ती कार्यकारिणी, कारण तिच्याकडे लेटरहेड असतं.

हरकत लिहिणं

ज्या टेबलावर तुमचं पत्र जाणार आहे तिथे बसलेल्या कक्ष अधिकाऱ्याला आलेल्या सगळ्या पत्रांचा एक तक्ता करायचा आहे. नियम क्रमांक, हरकत, विभागाचा अभिप्राय. तुमचं पत्र त्या तक्त्यात सहज उतरेल असं लिहा. 'जनतेवर अन्याय होत आहे' हे वाक्य कोणत्याच रकान्यात बसत नाही.

समजा मसुद्यात लिहिलं आहे: 'संस्था सदस्यास मागणी केलेल्या कागदपत्रांच्या प्रती वाजवी मुदतीत देईल.' तर हरकत अशी:

'नियम अमुक, उपनियम तमुक. हरकत: वाजवी मुदत म्हणजे किती दिवस हे स्पष्ट नसल्याने सदस्यास निबंधकाकडे तक्रार केव्हा करता येईल हे ठरत नाही. सूचना: "वाजवी मुदतीत" या मजकुराऐवजी "अर्ज मिळाल्याच्या दिनांकापासून पंधरा दिवसांच्या आत" हा मजकूर दाखल करावा. कारण: आमच्या संस्थेत गेल्या वर्षी अशा अर्जांना लागलेले दिवस सोबतच्या तक्त्यात दिले आहेत.'

झालं. तीन ओळी आणि एक तक्ता. पर्यायी शब्द तुम्ही दिलेत म्हणून अधिकाऱ्याला ते नव्याने रचावे लागत नाहीत, आणि कारणाला तुमच्या अनुभवाचा पुरावा जोडलेला आहे. वकिलाची भाषा लागत नाही. तुमच्याकडे जी माहिती आहे ती मंत्रालयात नाही, तीच तुमची ताकद. रिक्षा स्टँडवर दुपारी किती वेळ थांबावं लागतं, गावातलं रोहित्र जळल्यावर किती दिवसांनी बदलून मिळालं, तारखांसकट लिहा. मसुद्यातलं जे पटलं तेही दोन ओळींत लिहा, कारण विरोधी बाजूच्या हरकतींवरून चांगली तरतूद गळून पडल्याचंही होतं.

सह्यांच्या मोहिमेबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. एकाच साच्यातली पाच हजार पत्रं त्या तक्त्यात एकच ओळ होतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आल्या. आराखडा तरीही पुढे सरकत राहिला, २०१५ मध्ये सरकारने तो महापालिकेकडून स्वतःकडे घेतला आणि २०१७ मध्ये मंजूर केला. पण गर्दी निरुपयोगीच असंही नाही. गोव्यात 'प्रादेशिक आराखडा २०११' या नावाचा आराखडा २००६ मध्ये अधिसूचित झाल्यावर लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो मागे घेतला. संपूर्ण मसुदाच नको असेल तर संख्या लागते, आणि ती मंत्र्यासाठी असते. एखादा शब्द, आकडा, मुदत बदलून हवी असेल तर एक नेमकं पत्र जास्त काम करतं. सोसायटीतल्या वीस घरांना लिहायचंच असेल तर प्रत्येकाला आपापला अनुभव वेगळा लिहू द्या.

पोचवणं आणि पोच

सूचनेत दिलेला पत्ता आणि ई-मेल, दोन्हीकडे पाठवा. मंत्रालयाचा विभाग असेल तर पत्रावर विभागाचं आणि जमलं तर कक्षाचं नाव लिहा; नुसतं 'मंत्रालय, मुंबई ४०००३२' लिहिलेलं पत्र योग्य टेबलाशी पोचेपर्यंत मुदत संपते. नगररचनेच्या फेरबदलात बहुधा त्या विभागाच्या सहसंचालक, नगररचना यांचं कार्यालय दिलेलं असतं. विषयाच्या ओळीत अधिसूचना क्रमांक आणि दिनांक जसाच्या तसा उतरवा. प्रत्यक्ष देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'ठेवून जा, बघतो' असं म्हणणारा माणूस वाईट नसतो, पण त्याच्या बघण्याला आवक क्रमांक नसतो.

सुनावणी

प्रत्येक मसुद्यावर सुनावणी होत नाही. साध्या नियमांसाठी लेखी हरकतीवरच काम भागतं. विकास योजनेच्या प्रारूपावर मात्र नियोजन समिती हरकतदारांना बोलावते, आणि वीज आयोग दरांच्या प्रस्तावांवर जाहीर सुनावण्या घेतो, आता ऑनलाइनही. हरकतीत 'मला प्रत्यक्ष बाजू मांडायची आहे' हे वाक्य घातलेलं बरं. ते नसेल तर नाव पुकारलं जाईलच असं नाही.

बोलायला मिळतात तीन-चार मिनिटं. लेखी पत्र वाचून दाखवू नका, ते समोर आहेच. एक मुद्दा, एक नकाशा नाहीतर बिल, आणि बदलून हवा असलेला मजकूर. तुमच्या आधीचा माणूस तोच मुद्दा बोलला असेल तर 'त्यांच्याशी सहमत' म्हणून दुसऱ्या मुद्द्याकडे वळा. समितीचे चेहरे खुलतात.

शिकायचं असेल तर वीज आयोगाचे कागद वाचा. आयोग विनियमांच्या मसुद्यासोबत स्पष्टीकरणाचं टिपण देतो, आणि अंतिम विनियमांबरोबर कारणमीमांसा प्रसिद्ध करतो: कोणी काय सुचवलं, आयोगाने काय मानलं, काय का नाही मानलं. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटासारख्या संस्थांच्या हरकतींना तिथे कलमवार उत्तरं मिळालेली दिसतात. चांगली हरकत कशी दिसते हे कळायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. मंत्रालयातले विभागही अशी कारणं प्रसिद्ध करू लागले तर निम्म्या तक्रारी कमी होतील, पण तो दिवस अजून उगवायचा आहे.

मुदत संपल्यानंतर

आता बराच काळ शांतता असते. विभाग अभिप्राय तयार करतो, विधि व न्याय विभाग मसुदा तपासतो, आणि मग कधीतरी अंतिम नियम राजपत्रात येतात. किती काळाने, याला ठोकताळा नाही. राज्यासाठीच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीचा मसुदा मार्च २०१९ मध्ये आला आणि मंजुरी डिसेंबर २०२० मध्ये. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा केंद्राचा मसुदा मार्च २०१४ मध्ये पहिल्यांदा निघाला. तो मुदतीत अंतिम न झाल्याने पुन्हा पुन्हा काढावा लागला, आणि जुलै २०२४ मध्ये सहाव्यांदा निघाला. सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडच्या गावांनी दर वेळी नव्याने हरकती द्यायच्या. आधीच्या मसुद्यावरची हरकत नव्याला आपोआप लागू होईल असं धरून बसू नका.

अंतिम नियमात तुमचा शब्द आला का ते बघा. नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जात मागा: या मसुद्यावर आलेल्या हरकतींची संख्या, त्यांचा एकत्रित तक्ता, त्यावरचे अभिप्राय, आणि संबंधित टिपण्यांच्या प्रती. महत्त्वाची धोरणं ठरवताना सगळी संबंधित माहिती प्रसिद्ध करा, असं त्याच कायद्याचं कलम ४(१)(c) सरकारला सांगतं, त्याचा उल्लेख अर्जात करा. आमदारामार्फत विधिमंडळाच्या उपविधान समितीकडेही जाता येतं. नियम दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जातात, आणि ते अधिनियमाच्या चौकटीत आहेत का हे पाहणं या समितीचं काम.

कोर्टाची वाट अरुंद आहे. मसुदा प्रसिद्ध करणंच बंधनकारक असलं तरी कोणत्या पेपरात, कोणत्या रीतीने, याला न्यायालय फार ताणत नाही. रामपूरच्या साखर कारखान्याच्या १९६५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला. शिवाय वाक्खंड अधिनियमाचं ते कलम शेवटी म्हणतं की पूर्व प्रसिद्धीनंतर केलेला म्हणून नियम राजपत्रात छापला गेला की तो रीतसर केल्याचा तोच निर्णायक पुरावा. पुढे फक्त पद्धतीवर भांडायचं म्हटलं तर हे वाक्य आडवं येतं. नियम मूळ अधिनियमाच्या बाहेर जातो हा मुद्दा मात्र तेव्हाही जिवंत असतो, आणि तो तुम्ही मुदतीत लेखी मांडला होता हे दाखवता आलं तर वकिलाचं अर्धं काम झालेलं असतं.

म्हणून शिक्क्याची ती प्रत, ई-मेलची छापील प्रत आणि मसुद्याचा राजपत्राचा अंक एकाच फायलीत ठेवा. नियम झाले की दोन-तीन वर्षांत 'सुधारणा नियम' येतात, आणि त्या मसुद्यात तुम्ही मागे हरकत घेतलेला नियम पुन्हा समोर आला की पंधरा दिवसांत नव्याने लिहायला बसावं लागत नाही.